हरीण, फुलझाडे आणि कुंपण

शाळेच्या बागेत तुम्ही गुलाबाचा वाफा केला आहे आणि रात्री हरणे येऊन कळ्या खाऊन जातात, असे समजा. वाफ्याभोवती किती उंच कुंपण घालाल? ‘हरणाच्या उडीपेक्षा उंच’ असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. ते बरोबर आहे. पण त्याचा खर्च मोठा आहे आणि पुष्कळदा त्याची गरजही नसते. हरणाला कसे दिसते, त्याला वास कसा येतो, त्याच्या नाकाला काय झोंबते, हे कळले की कुंपणाचा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या तासाला सोडवता येतो. आणि हे न कळता कुंपण केले, तर त्यात हरीण मरते. कधी कधी माणूसही मरतो. म्हणून हा विषय थोडा तपशिलात पाहू.

आमच्या श्रीरामपूर परिसरात प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊस. उसात बिबट्या दडतो, हरणाला मात्र तो मानवत नाही. त्याला उघडा माळ लागतो, दूरवर नजर पोचली पाहिजे आणि धावायला मोकळी जागा पाहिजे. असा माळ पाहायचा तर गोदावरी ओलांडून वैजापूर, येवल्याकडे जावे, किंवा आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिणेला कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जावे. रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्रफळ आहे अवघे २.१७ चौरस किलोमीटर. कळपाला ही जागा किती पुरणार? भोवताली ज्वारी, हरभरा, तूर यांची शेते आहेत. हद्द नकाशावर असते, हरणाला ती ठाऊक नसते. कोवळा हरभरा आणि माळावरचे वाळलेले गवत यांतून निवड करायची झाली, तर ते काय निवडील हे सांगायला प्राणिशास्त्रज्ञ नको.

‘हरीण’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. चितळ आणि सांबर यांच्या नरांची शिंगे हाडाची असतात, त्यांना फाटे फुटतात आणि ती ठराविक काळाने गळून नवी येतात. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे गळत नाहीत. हाडाच्या गाभ्यावर नखासारख्या पदार्थाचे आवरण असते आणि ती जन्मभर टिकतात. नात्याने पाहिले तर काळवीट चितळापेक्षा आपल्या शेळीला अधिक जवळचा. खाण्यातही फरक आहे. काळवीट मुख्यतः आखूड गवत चरतो. चितळ गवत खातो, पण मोहाची आणि पळसाची गळलेली फुलेही आवडीने वेचतो. वानरांनी झाडावरून फुले-पाने खाली टाकावीत आणि चितळांनी ती खावीत, हे दृश्य आपल्या जंगलांत नेहमीचे आहे. फुलांचा आणि कळ्यांचा खरा शौकीन म्हणावा तो अमेरिकेतला पांढऱ्या शेपटीचा हरीण. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विचारा. उन्हाळ्यात मोठ्या हौसेने अंगणात गुलाब आणि जास्वंद लावावी आणि सकाळी उठून पाहावे तो नुसते दांडे उभे!

कळीच का, हेही समजून घ्या. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात जीवाणू तंतूंचे विघटन करतात आणि या कामाला वेळ लागतो. कळीत व कोवळ्या शेंड्यात तंतू कमी, पाणी आणि प्रथिने अधिक. घासागणिक मिळकत जास्त. अंगणातील झाडाला आपण पाणी आणि खत घालतो, त्यामुळे ते रानातल्या झाडापेक्षा अधिक रसाळ होते. म्हणजे आपणच ताट वाढून ठेवलेले असते. कण्हेर विषारी असल्याने तिला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून बागेच्या कडेला कण्हेर लावण्याची आपली जुनी पद्धत शहाणपणाची आहे. मात्र लहान मुलांना तिची पाने-फुले तोंडात घालू देऊ नये.

उडीचे गणित

आता उडीकडे वळू. पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी अमेरिकेत आठ फूट, म्हणजे सुमारे २.४ मीटर उंचीचे कुंपण सुचवतात. हा आकडा आपण तपासून पाहू. उभ्या हरणाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ०.८ मीटरवर आहे असे धरू. पाय पोटाशी घेऊन २.४ मीटरचे कुंपण ओलांडायचे, तर तो २.५ मीटरपर्यंत न्यावा लागेल. म्हणजे चढ १.७ मीटर. हरणाचे वस्तुमान ६० किलोग्रॅम धरले, तर लागणारी ऊर्जा ६० × ९.८ × १.७, म्हणजे जवळजवळ १००० ज्यूल. जमीन सोडताना त्याचा ऊर्ध्व दिशेतील वेग किती हवा? वेगाचा वर्ग = २ × ९.८ × १.७ = ३३.३. म्हणून वेग सेकंदाला सुमारे ५.८ मीटर. मागच्या पायांच्या एका रेट्यात एवढा वेग मिळवायचा. मोजक्या हरणांना ते साधते आणि तेही जिवावर बेतले तरच. हा १००० ज्यूलचा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याच्याशी तुलना करायची आहे.

पण २.४ मीटर उंच कुंपण म्हणजे खांब, जाळी, मजुरी. यावर बागाईतदारांनी एक युक्ती काढली. सव्वा मीटर उंचीची दोन कुंपणे एकमेकांपासून दीड मीटर अंतरावर घालायची. प्रत्येक कुंपण हरीण सहज ओलांडील इतके ठेंगणे. तरीही दोन मिळून ते अडते. का?

पहिला विचार असा येतो की, एकाच उडीत उंची आणि लांबी दोन्ही गाठणे त्याला झेपत नसेल. करू या हिशेब. उडीचा मार्ग म्हणजे अन्वस्त, म्हणजे पॅराबोला. त्याचा माथा दोन कुंपणांच्या मधोमध आहे असे धरा. हरीण सेकंदाला ५ मीटर या आडव्या वेगाने आले, तर दीड मीटर अंतर कापायला ०.३ सेकंद लागतील. माथ्यापासून दुसऱ्या कुंपणापर्यंतचा वेळ त्याच्या निम्मा, ०.१५ सेकंद. तेवढ्या वेळात ते खाली येईल ½ × ९.८ × ०.१५ × ०.१५ = ०.११ मीटर. म्हणजे एका कुंपणापेक्षा दोन कुंपणांसाठी त्याला अवघी ११ सेंटिमीटर जास्त उंची लागते! समजा ते धावत आले नाही, कुंपणापाशी थांबून उडी मारली आणि आडवा वेग सेकंदाला २ मीटर एवढाच राहिला. हाच हिशेब पुन्हा करा. ६९ सेंटिमीटर असे उत्तर येईल. गुरुत्वमध्य कुंपणांवरून जाताना १.३ मीटरवर हवा असे धरले, तर माथा २ मीटरच्या आसपास येतो. मघाशी आपण २.५ मीटर शक्य आहे म्हटले होते. तेव्हा गणिताने दोन्ही कुंपणे एका उडीत पार होतात.

आणि तरीही पुष्कळदा हरीण उडी मारत नाही. अडचण पायांची नाही, डोळ्यांची आहे.

हरणाचे डोळे

आपले दोन्ही डोळे समोर आहेत. दोन्ही डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. एक डोळा मिटून दोन पेन्सिलींची टोके हवेत एकमेकांना भिडवून पाहा. मग दोन्ही डोळे उघडून पाहा. फरक लगेच कळेल. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला सुमारे ३०० अंशांचा परिसर दिसतो. मागून येणारा लांडगा त्यामुळे चुकत नाही. पण दोन्ही डोळ्यांची नजर जिथे एकत्र पडते, तो समोरचा पट्टा अरुंद. म्हणून एका कुंपणामागे दुसरे नेमके किती दूर आहे आणि मध्ये उतरलो तर पुन्हा उडी मारायला जागा उरेल का, हे त्याला नीट उमगत नाही. जिथे उतरायची जागा कळत नाही, तिथे ते सहसा उडी घेत नाही. हेच कारण अपारदर्शक कुंपणाला लागू पडते. पलीकडचे दिसत नसेल, तर कमी उंचीची भिंतही बरेच काम करते.

काळविटाच्या बाबतीत एक गोष्ट जपावी. एवढी सुंदर उडी मारणारा प्राणी, पण पाठलाग नसेल तर तो कुंपणावरून जाण्यापेक्षा खालून घुसणे पसंत करतो. खालच्या तारेखाली हातभर फट ठेवून वरच्या तारांवर पैसे खर्च करणे हे छत्री धरून अनवाणी चिखलात चालण्यासारखे झाले.

आता रंग. शेताभोवती जुन्या साड्या बांधलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. ‘लाल साडी बांधा, लाल रंगाला जनावर भिते’ असे सांगतात. हे तपासता येते. आपल्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या डोळ्याची मोजमापे १९९४ साली प्रसिद्ध झाली. त्याच्याकडे शंकुपेशींचे दोनच प्रकार निघाले. एक ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या, म्हणजे निळ्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देणारा आणि दुसरा ५३७ नॅनोमीटरच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाला. गाय, शेळी, मेंढी यांचेही दोनच प्रकार. लाल प्रकाशाची तरंगलांबी ६५० नॅनोमीटरच्या आसपास. त्याला हे डोळे फारसा प्रतिसाद देत नाहीत. लाल साडी त्यांना मळकट, काळपट दिसत असणार. मग साडीचा उपयोग होतो तो कशामुळे? ती वाऱ्याने हलते आणि पलीकडचे पीक झाकते. हरणाचा डोळा हालचाल टिपण्यात तरबेज असतो. तेव्हा साडी बांधायचीच तर पांढरी किंवा निळी बांधावी. लाल साडी घरच्यांना नेसू द्यावी.

रात्री विजेरीच्या झोतात हरणाचे डोळे चमकतात, ते त्याच्या दृष्टिपटलामागील परावर्तक थरामुळे. पडद्यावरून एकदा गेलेला प्रकाश त्या थरावरून परतून पुन्हा पडद्यावर येतो. त्यामुळे आपल्याला मिट्ट वाटणाऱ्या अंधारात हरीण आरामात फिरते. रात्रीचा अंधार हे कुंपण नव्हे.

वास आणि आवाज यांविषयी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत सडलेल्या अंड्यापासून केलेली फवारणी विकत मिळते. तिच्या गंधकयुक्त वासाने हरणे दूर राहतात. आपल्याकडे न्हाव्याच्या दुकानातील केस शेताच्या कडेला टाकतात. दोन्हींची मर्यादा एकच. वासाचे रेणू उडून जातात, पाऊस उरलेले धुऊन नेतो आणि नव्या फुटीवर फवारा नसतोच. फटाके, डबे, वाऱ्यावर गुणगुणणारी चकचकीत फीत यांचा धाक काही दिवस राहतो. मग जनावर शिकते की, या आवाजामागून काहीच येत नाही. कार्बाईडच्या तोफेच्या वाटेला मात्र जाऊ नका. कॅल्शियम कार्बाईडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू होतो आणि तो पेटून स्फोट होतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा तोफांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. आणि रात्री आरडाओरडा करून कळपाच्या मागे लागू नये. आपल्या भागात कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ आहेत. भेदरलेली हरणे त्यांत पडतात.

विजेचे कुंपण: झटका आणि घात

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत गैरसमज असलेले कुंपण म्हणजे विजेचे. येथे जरा सावकाश वाचा.

या कुंपणाच्या यंत्रात बॅटरीच्या साहाय्याने एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, भारित केला जातो. समजा त्याची धारिता २० मायक्रोफॅरड आणि दाब ६०० व्होल्ट. त्यात साठलेली ऊर्जा = ½ × धारिता × दाबाचा वर्ग = ½ × ०.००००२ × ३,६०,००० = ३.६ ज्यूल. हा साठा एका रोहित्रातून एकदम सोडतात. रोहित्र दाब वाढवून सहा-आठ हजार व्होल्ट करते आणि तारेतून एक स्पंद धावतो. स्पंद टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ. मग निदान एक सेकंद पूर्ण शांतता. पुन्हा स्पंद. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ५०० ओहम रोधात एका स्पंदाची ऊर्जा ५ ज्यूलपेक्षा जास्त असता कामा नये. ५ ज्यूल म्हणजे किती? अर्धा किलो साखरेची पुडी एक मीटर वर उचलायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते.

मघाचे १००० ज्यूल आठवा. उंच कुंपण हरणाकडून १००० ज्यूलचे काम मागते. विजेचे कुंपण ५ ज्यूलहून कमी ऊर्जेत त्याला परतवते, कारण ती ऊर्जा चेतातंतूंवर पडते. चटका जोरदार बसतो, इजा होत नाही आणि जनावर ती तार विसरत नाही.

यात एक अडचण आहे. हरणाच्या अंगावर केस आणि पायाला खूर, दोन्ही विजेचे दुर्वाहक. ते तारेला पाठीने घासून गेले, तर त्याला काही कळणारही नाही. नाक मात्र ओले असते. म्हणून अमेरिकेतील बागाईतदार तारेवर धातूच्या वर्खाची पट्टी अडकवून तिला शेंगदाण्याचे लोणी फासतात! हरीण वास घ्यायला नाक पुढे करते आणि पहिला धडा नाकावरच मिळतो. आपल्याकडे शेंगदाण्याचा कूट आणि गूळ कालवून हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही. मात्र मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा.

आता दुसरी बाजू. ‘एवढे यंत्र कशाला? विहिरीच्या मोटारीची वायर आहेच, तीच तारेला जोडू. तिथे आठ हजार व्होल्ट, इथे तर फक्त दोनशे तीस!’ हा युक्तिवाद मी स्वतः ऐकला आहे आणि तो प्राणघातक आहे. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाच्या हातापासून पायापर्यंतचा रोध सुमारे १००० ओहम धरा. ओहमच्या नियमाने धारा = २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडता येत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअरच्या पुढची धारा एखादा सेकंद टिकली, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते नुसते थरथरू लागते. कुंपणाच्या यंत्रातून स्पंदाच्या क्षणी याहून मोठी धारा जाते, पण ती हृदयाला पकडायच्या आत संपलेली असते आणि पुढचा सेकंदभर हात मोकळा असतो. घरगुती वीज सोडतच नाही. दर सेकंदाला २३० × ०.२३ म्हणजे ५३ ज्यूल शरीरात ओतत राहते. व्होल्टचा आकडा पाहून धोका ठरवू नये. धारा किती आणि किती वेळ, हे पाहावे.

‘फ्यूज उडेल की!’ नाही उडणार. ५ अँपिअरचा फ्यूज ०.२३ अँपिअरला उबदारही होत नाही. काही जण म्हणतात, आम्ही मध्ये शंभर वॅटचा दिवा जोडतो, मग धोका नाही. हाही हिशेब करून पाहा. पूर्ण तापलेल्या दिव्याचा रोध २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम. तो माणसाच्या रोधात मिळवा, एकूण १५२९. धारा ०.१५ अँपिअर. आणि दिवा मंद पेटल्याने त्याचा रोध याहून कमीच असतो, म्हणजे धारा याहून अधिक. दिवा माणसाला वाचवत नाही. विदर्भात अशा तारांना चिकटून वाघ मेले आहेत, रानडुकरासाठी लावलेल्या तारेत शेजारचा शेतकरी गेला आहे, कधी खुद्द तार लावणाराच गेला आहे. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे हा गंभीर गुन्हा आहे. पिकाचे नुकसान झाले, तर वनविभागाकडून पंचनामा होऊन भरपाई मिळण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. वाटेत विजेच्या खांबावरून आकडा टाकून शेताकडे नेलेली तार दिसली, तर तिला हात लावू नका, काठीनेही हलवू नका. मोठ्या माणसांना आणि वीज कार्यालयाला कळवा.

योग्य यंत्राला वीज तरी किती लागते? सेकंदाला ३.६ ज्यूल म्हणजे ३.६ वॅट, यंत्रातील नाश धरून ५ वॅट म्हणा. बारा तासांच्या रात्रीला ६० वॅट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५ अँपिअर-तास. वीस वॅटचा सौर पट दिवसातून पाच तास चांगले ऊन मिळाले, तर १०० वॅट-तास देतो. आपल्या भागात पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर उन्हाला तोटा नाही.

मंडल पुरे होण्यासाठी आणखी एक भागीदार लागतो: जमीन. यंत्राचे एक टोक तारेला, दुसरे जमिनीत ठोकलेल्या सळईला. धारा तारेतून जनावरात, जनावरातून मातीत, मातीतून सळईकडे परत. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे पाय जमिनीला लागलेले नसतात. एप्रिल-मे महिन्यांत मुरमाड माळ कोरडा ठणठणीत झाला की हरणाचीही गत चिमणीसारखी होते आणि कुंपण निकामी ठरते. मग सळईपाशी पाणी घालावे लागते किंवा एक तार भारित, एक तार जमिनीला जोडलेली अशी रचना करून हरणाला दोन्हींना स्पर्श करायला लावावे लागते. पावसाळ्यात उलटी तऱ्हा होते. गवत वाढून तारेला टेकते आणि धारा गवतातूनच जमिनीत गळते. आठवड्याला एकदा विळा फिरवलाच पाहिजे.

मातीचा हा गुण प्रयोगशाळेत पाहता येतो. कुंडीत उन्हात वाळवलेली माती भरा. दोन लोखंडी खिळे एकमेकांपासून दहा सेंटिमीटरवर सारख्याच खोलीपर्यंत रोवा आणि बहुमापीने, म्हणजे मल्टिमीटरने त्यांमधील रोध मोजा. घरातील विजेशी कुंडीचा काहीही संबंध येऊ देऊ नका. बहुमापीतील छोटी बॅटरी पुरेशी आहे. मग पेलाभर पाणी घालून, ते मुरल्यावर पुन्हा मोजा. आकडा हळूहळू सरकत राहील, कारण खिळ्यांच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया सुरू होते. म्हणून जोडल्याबरोबर वाचा. तिसऱ्यांदा चमचाभर मीठ विरघळवलेले पाणी घाला. काळी माती, मुरूम आणि वाळू अशा तीन कुंड्यांचे नऊ आकडे वहीत मांडा आणि त्यांतली कोणती जमीन कुंपणाच्या सळईसाठी निवडाल ते ठरवा.